खिंडीतली दगडांची वर्तुळे कोणी मांडली?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे पक्के होईल. जुलैअखेर तुम्ही लडाखमध्ये कोरझोकहून निघून रुपशूच्या पठारावरून त्सो कार सरोवरापर्यंत चालत गेलात. वाटेत सुमारे ५,२०० मीटर उंचीच्या एका रुंद, सपाट खिंडीत जमिनीवर दगडांची वर्तुळे दिसली. मध्ये बारीक माती, भोवती दगडांची कड, आणि अशी कितीतरी वर्तुळे एकमेकांना चिकटून. खिंड संपून उतार लागला तशी वर्तुळे संपली आणि दगडाची एक रांग, मातीची एक रांग असे पट्टे सुरू झाले. तुमच्या गटातल्या एकाचे म्हणणे पडले की ही जुन्या लोकांची वेधशाळा असणार. दुसरा म्हणाला, बर्फाने झालेय. तुम्हाला दोन्ही पटले नाही, कारण आजूबाजूला बर्फाचा कणही नव्हता आणि तो सगळा मुलूख कोरडा ठणठणीत. शिवाय, बर्फानेच झाले असेल तर पायाखाली पर्माफ्रॉस्ट, म्हणजे वर्षानुवर्षे गोठलेलीच राहणारी जमीन आहे असे धरायचे का, हेही तुम्ही विचारले आहे.

मी भूरूपशास्त्र शिकवतो, आणि गेली अठरा वर्षे बहुतेक उन्हाळे लडाख आणि हिमाचलमधल्या लाहौलच्या उंच भागांत मोजमापे करण्यात गेले आहेत. सरळ उत्तर असे: वर्तुळे बर्फानेच केली आहेत. तुम्ही पाठवलेल्या चार फोटोंपैकी एक वेगळा आहे, त्याकडे शेवटी येतो. पर्माफ्रॉस्टबद्दल मात्र या वर्तुळांवरून काहीच ठामपणे सांगता येत नाही. कारणे जरा सविस्तर सांगतो, कारण तुमचा आक्षेप योग्य जागी बोट ठेवणारा आहे.

गोंधळाचे मूळ एका शब्दात आहे. आभाळातून भुरभुर पडते त्यालाही आपण बर्फ म्हणतो आणि उसाच्या रसात टाकतात त्या खड्यालाही बर्फच म्हणतो. या उत्तरापुरते आपण पडणाऱ्याला हिम म्हणू आणि गोठलेल्या पाण्याला बर्फ. तुम्ही खिंडीत उभे राहून हिम शोधत होतात. ते नव्हते. काम करणारा बर्फ तुमच्या बुटांखाली, मातीच्या आत तयार होतो, आणि जुलैअखेर वरच्या थरातला तो वितळून गेलेला असतो. एवढेच नाही, जमिनीवर हिमाचा जाड थर असता तर हे काम मंदावले असते. हिमात हवा कोंडलेली असते, त्यामुळे ते गोधडीसारखे जमिनीला झाकते आणि हिवाळ्याची थंडी खाली उतरू देत नाही. लडाखमध्ये हिम थोडे पडते आणि वाऱ्याने उडूनही जाते. जमीन उघडी पडते, आणि उघडी जमीन खोलवर गोठते. म्हणजे ज्या कोरडेपणामुळे तुम्हाला शंका आली, तोच कोरडेपणा एका अर्थी या कामाला मदत करतो.

पण पाणी तर लागतेच. लेहला वर्षाकाठी सरासरी १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि हिम मिळून पडते, आपल्या दुष्काळी तालुक्यांपेक्षाही कितीतरी कमी. उंचावरच्या खिंडींत त्याहून थोडे जास्त. हे पाणी पुरते कसे? मे-जूनमध्ये वरचे हिम वितळते तेव्हा खालची जमीन अजून गोठलेलीच असते. पाण्याला मुरायला वाट नसते. सपाट खिंडीत ते वरच्या हातभर मातीत साचून राहते आणि माती चिखलासारखी होते. जूनच्या सुरुवातीला तुम्ही तिथे असता तर घोटाभर रुतला असता. म्हणून ही वर्तुळे सगळीकडे दिसत नाहीत. जिथे उतार कमी आहे, पाणी टिकते आणि माती बारीक आहे, तिथेच ती भरतात. शंभर पावलांवरच्या वाळूच्या उंचवट्यावर एकही सापडत नाही.

आता बर्फ मातीत करतो काय? पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगते, हे आपण शाळेत शिकलो. फ्रीजरमध्ये काचेची बाटली तडकते ती त्यामुळेच. पण जमीन उचलली जाते ती मुख्यतः या फुगण्याने नाही. हिशेब करून पाहा. मातीच्या आकारमानाचा तिसरा हिस्सा पाणी आहे आणि ते सगळे जागच्या जागी गोठले असे धरले, तर एक मीटर खोलीची माती फार तर तीन सेंटिमीटर वर येईल. प्रत्यक्षात ती याहून खूप जास्त उचललेली मोजली गेली आहे. अमेरिकेतले भूवैज्ञानिक स्टीफन टेबर यांनी १९२९-३० मध्ये याचा सोक्षमोक्ष लावला. त्यांनी मातीत पाण्याऐवजी बेंझीन घातले. बेंझीन गोठताना फुगत नाही, उलट आकसते. तरीही माती वर उचलली गेली. म्हणजे उचलणारी गोष्ट फुगवटा नव्हे, दुसरीच काहीतरी होती.

ती गोष्ट म्हणजे ओढ. समईतली वात जशी खालून तेल ओढते, तसा मातीत तयार होऊ लागलेला बर्फ खालच्या ओल्या थरातून पाणी स्वतःकडे खेचतो. मातीच्या कणांभोवतीची पाण्याची पातळ साय शून्याच्या खालीही लगेच गोठत नाही, आणि तिच्यातूनच हे पाणी वर सरकते. ते येऊन बर्फाला मिळते आणि जमिनीला समांतर असे स्वच्छ बर्फाचे थर जमतात, कधी कागदाएवढे पातळ, कधी बोटभर जाड. प्रत्येक थर वरच्या मातीला तेवढे उचलतो. लाहौलमध्ये ऑक्टोबरच्या शेवटी मी असा खड्डा उभा कापून पाहिला आहे. करड्या मातीत चकाकणाऱ्या पट्ट्यांची चळत होती, आणि हातात घेतलेले ढेकूळ अर्धेअधिक बर्फच निघाले.

या ओढीला माती विशिष्ट लागते. जाड वाळूत कणांमधल्या फटी मोठ्या, तिथे ओढ बसत नाही. चिकणमातीत फटी इतक्या बारीक की ओढ जबरदस्त, पण पाणी मुंगीच्या पावलाने येते. दोन्हींच्या मधली पोयट्याची माती, म्हणजे ओली असताना बोटांत पिठासारखी लागणारी आणि वाळल्यावर फुंकरीने उडणारी, सर्वांत सहज उचलली जाते. रुपशूत शिस्टसारखे पापुद्र्यांचे खडक पुष्कळ आहेत. ते झिजून अशी माती भरपूर तयार होते. उलट लेहच्या वरच्या ‘खारदुंग ला’ या खिंडीच्या परिसरातला खडक ग्रॅनाइटच्या कुळातला, तो फुटला की मोठाले ठोकळे आणि जाड भरड निघते. त्यामुळे तिथे उंची तेवढीच असूनही नीटस वर्तुळे मला फारशी दिसलेली नाहीत. तिथे दिसतो तो दगडांचा खच, ठोकळ्यावर ठोकळा. तोही बर्फाचाच उद्योग, फक्त मातीऐवजी खडकाच्या भेगांत चाललेला. भेगांतही नुसते फुगणे नसते, पाणी ओढून बर्फ वाढणे असते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ओल्या चुनखडीचे ठोकळे महिनोन्महिने गोठवून-वितळवून पाहिले, तेव्हा खडकाच्या आत मातीतल्यासारखेच बर्फाचे थर वाढले आणि त्यांनी खडक फोडला.

आता दगड वर कसे येतात ते पाहू. दख्खनच्या काळ्या रानात शेती केलेल्या माणसाला हे नवीन वाटणार नाही. दरवर्षी दगड वेचून बांधावर टाकावेत आणि पुढल्या वर्षी पुन्हा तेवढेच वर आलेले असावेत. तिथे कारण वेगळे आहे, काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्या घुसळणीत दगड वर सरकतात. रुपशूत फुगवण्याचे आणि बसवण्याचे काम बर्फ करतो. गोठण वरून खाली येते. ती दगडाच्या वरच्या टोकाला पकडते आणि उचलली जाणारी माती दगडालाही बरोबर उचलते. दगडाच्या बुडाखाली पोकळी पडते, तिच्यात बारीक माती घसरते. वसंतात माती खाली बसते, पण दगडाची जागा आता भरलेली असते, तो पूर्ण खाली जात नाही. दुसरी वाट अशी की दगडातून थंडी मातीपेक्षा भरभर उतरते, म्हणून त्याच्या बुडाशी बर्फ आधी धरतो आणि त्याला खालून रेटतो. या दोन्हींतली कोणती वाट किती हे माती, दगड आणि ओल यांवर ठरते. माझ्या पाहण्यात पहिली जास्त येते.

याचा पुरावा माझ्या स्वतःच्या कामात मला फार लवकर मिळाला. पहिल्याच हंगामात आम्ही उतारावर जमिनीची हालचाल मोजायला लोखंडी खुंट्या ठोकल्या होत्या, प्रत्येकी फूटभर लांब. पुढच्या जुलैत गेलो तर त्यांतल्या निम्म्या तीन-चार बोटे वर आलेल्या, दोन तर आडव्याच पडलेल्या. वर्षभराचे मोजमाप वाया गेले आणि खर्च करून पुन्हा जावे लागले. त्यानंतर आम्ही खुंट्या मीटरभर खोल पुरू लागलो आणि खालच्या टोकाला आडवी पट्टी जोडू लागलो. तुमच्या दुसऱ्या फोटोत कडेला काही चपटे दगड पुस्तकासारखे उभे आहेत, ते नीट पाहा. कोणी रोवलेत असे वाटते, आणि वेधशाळेची कल्पना बहुधा त्यांवरूनच निघाली असावी. चपटा दगड उचलला जाताना हळूहळू उभा होतो, तशी स्थिती वर यायला सोपी. उभे दगड हे या जमिनीतले नेहमीचे दृश्य आहे.

दगड वर आले हे समजले, पण वर्तुळात का बसले? जमीन कधीच सगळीकडे सारखी नसते. कुठे माती जरा जास्त, कुठे दगड जरा जास्त. जिथे बारीक माती आहे तिथे पाणी जास्त धरले जाते, बर्फ जास्त वाढतो, म्हणून ती जागा जास्त फुगते आणि घुमटासारखी उचलली जाते. घुमटावरचे दगड उताराने कडेकडे सरकतात. कडेला दगड साचले की तिथून पाणी निथळून जाते, तिथे माती फुगत नाही, आणि दगडांतून थंडी लवकर खाली जात असल्यामुळे गोठणीची पातळी तिथे खोल आणि मातीखाली उथळ अशी तिरकी होते. या तिरक्या पातळीवर वाढणारा बर्फ मातीला मातीकडे आणि दगडांना दगडांकडे रेटतो. थोडासा फरक होता, तो दर हिवाळ्यात वाढत जातो. शेजारच्या दोन घुमटांवरून घरंगळलेले दगड मधल्या खोलगट भागात येऊन पडतात आणि तीच दोघांची सामाईक कड होते. म्हणून तुमची वर्तुळे एकमेकांना चिकटून होती.

२००३ मध्ये केसलर आणि वर्नर या दोन संशोधकांनी हेच संगणकावर करून दाखवले. त्यांनी मोजके नियम दिले, वर सांगितले त्या जातीचे, आणि सुरुवातीला दगड वाटेल तसे विखुरले. उतार किती, दगडांचे प्रमाण किती, कडेतले दगड एका रेषेत किती जोराने दाबले जातात, एवढे बदलले की कधी वर्तुळे, कधी बहुकोन, कधी पट्टे आपोआप उमटले. तुमच्या खिंडीतल्या उतारावर जे झाले ते हेच. सपाटीवर दगड घुमटावरून सगळ्या दिशांना सरकतात. उतार दोन-तीन अंशांच्या पुढे गेला की खालच्या बाजूला जास्त सरकतात, वर्तुळे लंबोळी होतात, आणि आणखी उतार वाढला की उघडून पट्टे होतात. कोणी आखणी केलेली नसताना इतका नेटका नमुना तयार होतो, हे मला आजही विलक्षण वाटते. माझ्या विद्यार्थ्यांना मी पहिल्या दिवशी काहीच समजावत नाही. तासभर त्या जमिनीवर नुसते बसवतो.

आता पर्माफ्रॉस्ट. व्याख्या साधी आहे: सलग दोन वर्षे किंवा जास्त काळ शून्य अंश सेल्सिअसवर किंवा त्याखाली राहिलेली जमीन. तिच्यात बर्फ असलाच पाहिजे असे नाही, तापमान महत्त्वाचे. उन्हाळ्यात वरचा थर वितळतो, हिवाळ्यात गोठतो. सगळी हालचाल या वरच्या थरात चालते. खाली पर्माफ्रॉस्ट असो वा नसो, वरचा थर गोठला-वितळला की वर्तुळे होऊ शकतात. इथे आकार उपयोगी पडतो. दगडांची निवड जेवढ्या खोलीपर्यंत होते, वर्तुळाची रुंदी ढोबळपणे तिच्या तीन-चार पट असते. वीतभर रुंदीची वर्तुळे तर नुसत्या रात्रीच्या गोठणीने होतात. मातीतून पहाटे बर्फाच्या सुया उभ्या राहतात आणि खडे डोक्यावर घेऊन उचलतात, ऊन आले की पडतात. तुमच्या फोटोत शेजारी चालायची काठी ठेवली आहे, त्यावरून तुमची वर्तुळे दीड ते दोन मीटरची दिसतात. म्हणजे घुसळण अर्ध्या मीटरच्या आसपास खोल. एवढे गोठायला लडाखचा एक हिवाळा पुरेसा आहे. तीन-चार मीटर व्यासाची, जुळ्यासारखी सारखी वर्तुळे भरलेले मैदान असते तर मी वेगळे बोललो असतो. तशी पाहायची तर उत्तर ध्रुवाजवळ स्वालबार्डमध्ये आहेत, जिथल्या न्यू-ऑलेसुंडला भारताचे हिमाद्री हे केंद्र २००८ पासून आहे. तिथे ७९ अक्षांशावर ती जवळजवळ समुद्रसपाटीला सापडतात. आपल्याला ३३ अक्षांशावर त्यासाठी पाच किलोमीटर वर चढावे लागते.

तुमच्या खिंडीखाली पर्माफ्रॉस्ट असण्याची शक्यता मात्र चांगली आहे, पण ती वर्तुळांवरून नाही, उंचीवरून. लेह ३,५०० मीटरवर, तिथले वर्षाचे सरासरी तापमान ५ ते ६ अंश. दर किलोमीटरला साडेसहा अंश उतरतात असे धरले तर ५,२०० मीटरवर सरासरी उणे पाच-सहाच्या घरात येते. हे हवेचे. जमिनीचे तापमान ऊन, उताराची दिशा, हिम आणि दगड यांवर फार बदलते. उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारावर जे ४,८०० मीटरला सापडते ते दक्षिणेकडे तोंड असलेल्यावर कितीतरी वर सरकते. मोठ्या दगडांच्या खचाखाली थंड जड हवा फटींत बसून राहते, म्हणून तिथे अपेक्षेपेक्षा खालीही गोठण टिकते. लेहच्या वर दक्षिण पुल्लूच्या परिसरात, साधारण ४,७०० मीटरच्या पुढे, रुडकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी जमिनीत तापमापक पुरून नोंदी घेतल्या आहेत, आणि खात्री करण्याचा तोच मार्ग आहे. भोक पाडायचे, वेगवेगळ्या खोलीवर तापमापक ठेवायचे, किमान दोन वर्षे थांबायचे. जमिनीच्या नुसत्या चेहऱ्यावरून मी पैज लावणार नाही.

चेहऱ्यावरून जवळपास खात्री देणारी भूरूपे मोजकीच, आणि त्यांतल्या दोहोंजवळून तुम्ही बहुधा गेलात. पहिले म्हणजे दगडी हिमनदी. दरीच्या डोक्याशी कड्यांखाली दगडांचा जिभेसारखा पसारा दिसतो, त्याच्या अंगावर आडव्या वळ्या असतात, घट्ट पिठले ताटात ओतल्यावर पडतात तशा, आणि पुढचे तोंड उभ्या बांधासारखे ताजे, उघडे असते. आत दगडांच्या फटींत बर्फ भरलेला असतो आणि सगळा पसारा वर्षाला काही सेंटिमीटर ते मीटर-दीड मीटर सरकतो. जिवंत आहे का हे ओळखायची माझी पद्धत साधी आहे. ऑगस्टमध्ये तिच्या पायथ्याशी निघणाऱ्या झऱ्याचे तापमान मोजतो. एक अंशाच्या आसपास भरले तर आत बर्फ आहे असे मी धरतो. लडाख आणि लाहौलमध्ये अशा दगडी हिमनद्या पुष्कळ आहेत, आणि दगडमातीने झाकलेल्या साध्या हिमनदीशी त्यांची गल्लत नकाशांतही होते.

दुसरे, त्सो कारच्या काठचे उंचवटे. ४,५३० मीटरवरच्या या खाऱ्या सरोवराशी लोक काळ्या मानेचे क्रौंच पाहायला जातात. काठाच्या ओल्या सपाटीवर बुटके, तडकलेल्या माथ्याचे मातीचे उंचवटे आहेत, ते क्वचितच कोणी पाहते. सरोवराच्या जुन्या गाळात बर्फाचे थर वाढून जमीन तिथे फुगली आहे. शास्त्रीय नाव लिथाल्सा. २००८ मध्ये एका जर्मन-भारतीय गटाने त्यांचा आणि सरोवराच्या गेल्या वीस हजार वर्षांच्या इतिहासाचा अभ्यास प्रसिद्ध केला. आतला बर्फ वितळला की उंचवटा खचतो आणि जागी वाटीसारखा खळगा उरतो. अशा उंचवट्याच्या पोटात पर्माफ्रॉस्ट असतेच, त्याशिवाय तो उभाच राहू शकत नाही. बाकी उतारावर मातीच्या जिभा लोंबतात, पायऱ्या पडतात, ते सगळे ओल्या मातीचे सावकाश सरकणे. १९०६ मध्ये स्वीडिश भूवैज्ञानिक अँडरसन यांनी फॉकलंड बेटांवरून त्याला सॉलिफ्लक्शन हे नाव दिले. त्याला पर्माफ्रॉस्टची गरज नाही.

हे सगळे नुसते कुतूहल नाही, म्हणून थोडे पुढचे बोलतो. गोठलेला बर्फ मातीला आणि कड्यांतल्या भेगांना सिमेंटसारखा बांधून ठेवतो. तो ऊबदार झाला की बांधणी सैल होते. ७ फेब्रुवारी २०२१ ला उत्तराखंडात चमोलीजवळ रोंती शिखराच्या उतारावरून सुमारे २.७ कोटी घनमीटर खडक आणि बर्फ सुटला आणि खाली मोठी जीवितहानी झाली. त्या कड्यातल्या गोठणीत काय बदल होत होता याची मोजमापेच नव्हती, त्यामुळे दोष तापमानवाढीवर किती टाकायचा हे ठरवता येत नाही. मला डाचते ते हेच, की आपल्याकडे इतक्या उंचीवर तापमापक पुरलेल्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. तिबेटच्या पठारावर २००६ मध्ये सुरू झालेला गोलमुड-ल्हासा लोहमार्ग सुमारे ५५० किलोमीटर पर्माफ्रॉस्टवरून जातो. तिथे मार्गाखाली मोठ्या दगडांचे थर घालून थंड हवा खेळती ठेवली आहे, वर सांगितलेल्या दगडांच्या खचाचीच युक्ती. निसर्गातले निरीक्षण बांधकामात उतरते ते असे.

पुन्हा जाल तेव्हा पाहायच्या गोष्टी थोडक्यात: वर्तुळाची रुंदी मोजा. मधली माती बोटांत चोळून पाहा. कडेच्या दगडांवर दगडफूल आहे का पाहा. दगडाच्या सर्व बाजूंनी ते दाट वाढलेले असेल आणि मधल्या मातीत गवत धरलेले असेल, तर ते वर्तुळ आता झोपलेले आहे, कधीतरी थंडी जास्त असताना झालेले. माती उघडी, भुसभुशीत आणि दगड कोरे असतील तर काम अजून चालू आहे. तुमच्या तीन फोटोंत मला चालू दिसते.

आणि एक विनंती, मनापासून. या वर्तुळांवरून गाडी नेऊ नका, दगड उचलून रचू नका, गटातल्या इतरांनाही सांगा. एक दगड घुमटाच्या माथ्यावरून कडेला जायला वर्षाला काही मिलिमीटर या गतीने शतके लागू शकतात. चाकाने माती दाबली की ती पाणी पूर्वीसारखे ओढत नाही, आणि तेवढ्या पट्ट्यात नमुना मोडतो. एका खिंडीत मी दहा वर्षांपूर्वी पाहिलेली चाकोरी आजही तशीच आहे.

आता तो चौथा फोटो. त्यातले वर्तुळ पाच मीटरचे, एकटेच आहे, शेजारी दुसरे नाही. दगड मातीवर नुसते ठेवलेले आहेत, एकही रुतलेला किंवा उभा झालेला नाही. मधली माती फुगलेली नाही, उलट तुडवून दबली आहे, आणि एका बाजूला तीन दगड आतून काळवंडलेले दिसतात. ती चूल आहे. हे वर्तुळ चांगपा पशुपालकांच्या तंबूचे, याकच्या केसांच्या रेबोच्या कडा दाबायला मांडलेले दगड. चौथ्या फोटोच्या पार्श्वभूमीला ओढा आणि हिरवळ दिसते, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांना पाणी-चारा असलेली जागा. कळपाबरोबर ते उन्हाळ्यात त्याच जागी परततात आणि तेच दगड पुन्हा वापरतात. तुम्ही त्यांतला एक दगड बसायला बाजूला घेतला असे लिहिले आहे. पुढच्या वेळी कोणी त्या वाटेने जाणार असेल, तर तो जागेवर ठेवायला सांगा.